कसा आवाज येते?

मे महिना. सकाळचे सात, आणि ऊन आधीच
गोळीबार चौकातल्या पत्र्यांवर चढून बसलेलं.
गाडी सुरू केली की पहिली चार-पाच मिनिटं
बॉनेटखालून काहीतरी बोलायचं,
मग गप्प.
एसी लावला की पुन्हा.

डोमाजी हेडाऊ मान तिरकी करून
इंजिनापाशी उभे राहिले, बराच वेळ.
मग म्हणाले, "कसा आवाज येते?"

येतोय ना, म्हटलं. ऐका की.

"मले नाही येत जी.
बारीक आवाज दहा वर्षं झाले, बंद हायेत.
बापाच्या पॉवरलूमखाली झोपून मोठा झालो,
कानाचा वरचा मजला तिथंच राहिला.
तुम्ही सांगा."

मी हायकोर्टात लघुलेखक.
तेवीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं उतरवते.
खोकला, हुंदका, ओठातल्या ओठात विरलेली शिवी,
यांना आमच्या वहीत खूण नाही.
अडखळले.
चीं चीं, म्हटलं. चिमणीसारखा.

"चिमणी का रातकिडा?"
म्हणजे?
"चिमणी श्वास घेते. रातकिडा घेत नाही."

चिमणी.

त्यांनी पट्ट्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं.
"आता?"
वाढला. लांब झाला. कुईंऽऽ.
"हं. मंग पट्टा एकटा गुन्हेगार नाही,
त्याले ताणून धरणारा हात ढिला पडला.
पाहा, कसा थरथरून राहिला.
जरासं हलणं चालते. हा तर नाचते."

लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ
त्यांनी माझ्या कानामागच्या हाडाला लावली,
टोक पुलीच्या मधल्या बोल्टवर.
पदर सांभाळा, म्हणाले, आणि ऐका.
आत कुणीतरी
वाळूवरून लोखंडी खाट ओढत होतं.
घरघर, मी म्हटलं.
हा शब्द याआधी एकदाच वापरला होता,
मेडिकलच्या वॉर्ड नंबर अकरात.

डोमाजींनी इंजिन बंद केलं.

पट्टा निघाला. त्याच्या एका काठाला
धागे सुटलेले, काळे, केसांसारखे.
त्यावरून त्यांचं बोट फिरलं हळूच,
बोट कोष्ट्याचंच.
"लुगड्याचा काठ असा निघाला असता
तर बापानं मले जेवू नसतं दिलं.
ताणा ढिला, तर कापड कोणी घेत नाही.
इथं ताणा ढिला, तर बॅटरी उपाशी,
स्टिअरिंग जड, आणि तुम्ही उभ्या
कामठी रोडवर, भर दुपारी."

पुली अंगठ्यानं फिरवून माझ्या हातात दिली.
फिरताना खसखस चावल्यासारखं लागलं.
नवी फिरवली: काहीच लागलं नाही.
"याले म्हणते टेन्शनर," ग्रीस पुसत पोरगं म्हणालं,
"मॅडम, तुम्ही नका घेऊ, हा घेते,"
आणि स्वतःच्याच विनोदावर इतकं हसलं
की दहाचा पाना शोधायला त्याला
गाडीखाली जावं लागलं.

अठ्ठावीसशे, मजुरी वेगळी.
पट्टाही नवा टाका म्हणाले,
वाकड्या हातानं वाढलेलं पोर
सरळ हातात टिकत नाही.
हे मला पटलं नाही, पण पैसे दिले.

किल्ली फिरवली.
डोमाजींनी विचारलं, "आता कसा आवाज येते?"
काही नाही.
"बरं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले.
माझ्या शब्दावर गाडी सोडली त्यांनी.
कोर्टात माझ्या शब्दावर कुणी
साधी तारीखही देत नाही.

दुपारी टायपिंगच्या खोलीत
खिडकीतल्या कूलरनं सूर धरला.
धापेवाडकर मॅडम म्हणाल्या, अगं, पाणी संपलं असेल.
मी पेन थांबवलं.
मान थोडी तिरकी केली.
श्वास घेत नव्हता.
वहीच्या समासात लिहिलं, साध्या अक्षरात,
खुणेशिवाय:
रातकिडा.